रोमनेस्क म्हणजे रोमन नव्हे

प्रश्न असा आहे : कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायशेनाउ या जर्मन बेटावरच्या मध्ययुगीन मठाची चर्चं एका प्रवासलेखात ‘रोमन शैलीतली’ ठरवली आहेत. ‘रोमनेस्क’ या मध्ययुगीन युरोपीय बांधकामशैलीला ‘रोमन’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं. पश्चिमेचं रोमन साम्राज्य ४७६ मध्येच आटोपलं. पिर्मिन या ख्रिस्ती भिक्षूने बेटावर मठ स्थापला ७२४ मध्ये, आणि तिथल्याच मिट्टेलझेलच्या मोठ्या चर्चचा पश्चिम भाग तर १०४८ चा. तरी दर दिवाळी अंकात हे ‘रोमन चर्च’ भेटतंच.

खरी गंमत शब्दाच्या जन्मात आहे. १८१८ मध्ये नॉर्मंडीतल्या शार्ल द जेर्व्हिल या जुन्या वास्तूंच्या अभ्यासकाने मित्राला लिहिलेल्या पत्रात हे नाव सुचवलं, आणि उचललं कुठून? भाषाशास्त्रातून! लॅटिन बिघडून फ्रेंच, इटालियन वगैरे ‘रोमान्स’ भाषा झाल्या, तशी रोमनांची बांधकामकला बिघडून ही जाड भिंतींची, अर्धगोल कमानींची शैली झाली, असा त्याचा हिशेब. आता ‘रोमान्स’ म्हणजे मुळात लॅटिन सोडून लोकभाषेत रचलेली कथा. तिच्यात शूर सरदार आणि त्यांची प्रेमपात्रं असायची, म्हणून तो शब्द घरंगळत आपल्या बागेतल्या बाकापर्यंत आला. म्हणजे बाकावरचं जोडपं आणि ही चर्चं एकाच कुळातली!

म्हणून मी ‘रोमनेस्क’ला ‘प्राकृत-रोमन’ म्हणतो. ‘रोमनसदृश’ म्हणणाऱ्या कोशपंडितांनी फक्त प्रत्ययाचं भाषांतर केलं, शब्द तसाच राहिला. आणि जेर्व्हिलचं ‘बिघडली’ही मला मंजूर नाही. ज्ञानदेवांची मराठी म्हणजे काय बिघडलेलं संस्कृत? फ्रेंच ‘रोमँ’ (रोमन) आणि ‘रोमाँ’ (रोमनेस्क) वेगळे ठेवतात, जर्मन तसेच ‘र्‍योमिश’ आणि ‘रोमानिश’. आळस काय तो आपल्यालाच.

त्याच बेटावर ओबरझेलचं सेंट जॉर्ज चर्च आहे, नवव्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे काटेकोर पाहिलं तर रोमनेस्कच्याही आधीचं. भिंतींवर येशूच्या चमत्कारांची मोठाली चित्रं, सोबत लॅटिन ओळी. पण चौदाव्या शतकातल्या एका चित्रात सैतानांनी गाईचं कातडं ताणून धरलंय, आणि त्यावर बायकांच्या वायफळ गप्पांची तक्रार लिहिलीय चक्क जुन्या जर्मनमध्ये. गप्पांसाठी शब्द योजलाय ‘प्लाप्ला’. त्याची व्युत्पत्ती तरी कुणी विचारू नये.