थायरॉइडचे डोळे आणि पडद्याचा रक्तपुरवठा

प्रश्न : ग्रेव्हज आजारासाठी (थायरॉइड ग्रंथी जास्त काम करण्याचा आजार) वर्षभर कार्बिमाझोल घेते आहे. डोळे थोडे पुढे आलेत, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. ओसीटी अँजिओग्राफीच्या (पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) रिपोर्टमध्ये ‘ऑप्टिक डिस्कभोवती (दृष्टीची नस डोळ्याला जोडते त्या जागेभोवती) रक्तवाहिन्यांची घनता कमी’ असं लिहिलंय. नजर मात्र ६/६ आहे. डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडतंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्या एका ओळीवरून तसं ठरवता येत नाही. पण ती ओळ सोडूनही देऊ नका.

या आजारात डोळ्यामागची चरबी आणि डोळा फिरवणारे स्नायू सुजतात. खोबणीच्या चारही भिंती हाडाच्या, आत जागा जेमतेम ३० मिलिलिटर. सूज वाढली की डोळा पुढे ढकलला जातो आणि खोबणीतला दाब चढतो. या दाबाखाली आधी दबतात त्या पातळ भिंतींच्या शिरा. धमन्या बराच काळ तग धरतात. म्हणजे रक्त आत येतं, पण बाहेर पडताना अडतं. रात्रभर आडवं राहिल्यावर पापण्या फुगतात त्यालाही ही तुंबण हातभार लावते. कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला तर खोबणीतल्या वरच्या मोठ्या शिरेतला प्रवाह मंदावलेला, आजार फार वाढला असेल तर उलट्या दिशेनं वळलेलाही दिसतो. पडद्यामागचा कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा थर सक्रिय सुजेत जाड झालेला आढळतो, तोही बहुधा यामुळेच.

खुद्द पडद्यातलं चित्र मात्र टप्प्याटप्प्यानं बदलतं. सूज ताजी असताना घनता काही रुग्णांत वाढलेलीही दिसते. दृष्टीची नस दबू लागली की डिस्कभोवती ती घटते. म्हणून तुमच्या बाबतीत खरा प्रश्न नस दबते आहे का, हा आहे.

आता रिपोर्टविषयी. ओसीटी अँजिओग्राफीचं यंत्र एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतं आणि त्यांत जे बदललं ते वाहतं रक्त, असं धरतं. रक्त किती आणि किती वेगानं वाहतंय, हे ‘घनता’ सांगत नाही. थायरॉइडमध्ये पापण्या पूर्ण मिटत नाहीत, डोळा कोरडा पडतो, सिग्नल उतरतो आणि घनता खोटीच कमी येते. रिपोर्टवर सिग्नलचा आकडा असतो. तो कमी असेल तर कृत्रिम अश्रूंचा थेंब घालून, काही मिनिटं थांबून, त्याच यंत्रावर तपासणी पुन्हा करून घ्या. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचे आकडे याच्याशी ताडून पाहू नका. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याचाही या आकड्यावर परिणाम होतो.

आणि ६/६ वर समाधान मानू नका. नस दबली तरी नजर काही काळ शाबूत राहू शकते. रंग आधी फिके पडतात. रंगांच्या ठिपक्यांची तपासणी, बाहुलीची उजेडाला प्रतिक्रिया आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, या तिन्ही झाल्यात का ते विचारा. दोन्ही डोळे सारखेच बाधित असतील तर बाहुल्यांतला फरक दिसत नाही, म्हणून फक्त टॉर्चनं पाहणं पुरेसं नाही. घरी आठवड्यातून एकदा, एकेक डोळा झाकून, बाटलीचं लाल झाकण दिवसाच्या उजेडात पाहा. एका डोळ्याला ते विटकरी किंवा धुवट वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : माझे डोळे फारसे बाहेर आलेले नाहीत. म्हणजे धोका कमी ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असं गृहीत धरू नका. डोळा पुढे सरकला की आतला दाब थोडा सैल होतो. पापण्यांमागचा तंतूंचा पडदा (नजरेचा पडदा नव्हे) घट्ट असेल तर डोळा सरकत नाही आणि खोबणीच्या निमुळत्या टोकाशी सुजलेले स्नायू नसेला आवळतात. सीटी स्कॅनमध्ये हे टोक मुद्दाम पाहायला सांगा. नस दबल्याचं नक्की झालं तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ५०० ते १००० मिलिग्रॅम शिरेतून, सलग तीन दिवस किंवा एक दिवसाआड देतात. त्याआधी साखर, रक्तदाब, यकृत आणि हिपॅटायटिस बी तपासायला हवं. दोन आठवड्यांत गुण आला नाही, किंवा मधेच नजर उतरली, तर हाड काढून खोबण मोकळी करण्याची शस्त्रक्रिया तातडीनं करावी लागते.

प्रश्न : डोळ्याचा दाब २४ आला, काचबिंदूचे थेंब लिहून दिलेत. घ्यावेत का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपल्या मनानं बंद करू नका, पण दाब कोणत्या दिशेला पाहत असताना मोजला ते विचारा. डोळा फिरवणारा खालचा स्नायू ताठर झाला की वर पाहताना तो डोळ्याला दाबतो आणि आकडा चढतो. काहींना सरळ पाहतानाही तेवढंच बळ लावावं लागतं. नजर किंचित खाली ठेवून पुन्हा मोजून घ्या. दाब तिथंही चढलेलाच असेल तर थेंब हवेतच, कारण डोळ्यातला दाब वाढला की पडद्याला आणि नसेला रक्त पोचवणारा जोर तेवढा घटतो. झोपताना उशाकडची बाजू उंच ठेवा. सिगारेट किंवा विडी चालू असेल तर आजच सोडा. धूम्रपानानं हा आजार बळावतो आणि औषधांचा गुणही कमी येतो.