वाचकांचे प्रश्न : सहाव्या क्रमांकावरून सुवर्ण

प्रश्न : 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्लॅलममध्ये (बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याची स्कीइंगची शर्यत) पहिल्या फेरीअखेर सहावा असलेला क्लेमाँ नोएल विजेता कसा ठरला? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : निकाल दोन फेऱ्यांच्या एकूण वेळेवर लागतो. दुसऱ्या फेरीसाठी खांब नव्याने रोवले जातात आणि पहिले 30 स्पर्धक उलट्या क्रमाने, म्हणजे पहिला सर्वांत शेवटी, उतरतात, त्यामुळे आघाडीवरच्या स्पर्धकाला इतरांनी उखडलेल्या बर्फावरून यावे लागते. तरीही नोएलचे कर्तृत्व मोठेच, कारण त्याने ऑस्ट्रियाच्या योहानेस श्ट्रोल्झला 0.61 सेकंदाने मागे टाकले. खांबाला नडगी घासली तरी चालते. मात्र पायाची एक स्की जरी खांबाच्या चुकीच्या बाजूने गेली की स्पर्धक बाद होतो. काश्मीरच्या आरिफ खानला ही शर्यत पूर्ण करता आली नाही, परंतु भर हिमवर्षावात झालेल्या जायंट स्लॅलममधील (खांब अधिक अंतरावर असलेली स्लॅलमसारखीच शर्यत) त्याचा 45 वा क्रमांक आम्हाला फार मोलाचा वाटतो.