विट्याकडच्या पोरांना इमिग्रेशनची गोष्ट शिकवताना
अगं, परक्या देशात आलेल्या मुलीची ही इंग्रजी गोष्ट शिकवताना पहिल्याच तासाला फळ्यावर शब्दार्थ लिहीत बसू नकोस. आधी मराठीतच विचार, घरातलं कोण गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर गेलंय? कुणाचा मामा केरळात कुणाचा काका तमिळनाडूत, भाषा येत नसताना दुकान कसं चालवलं ते पोरं भडाभडा सांगतात आणि गोष्टीतल्या मुलीची भीती त्यांना तिथंच कळते. मामा देशातच आहे म्हणून मायग्रंट, ती देश सोडून आली म्हणून इमिग्रंट, एवढा फरक मात्र सांग. मग न्यूयॉर्कचं एलिस आयलंड सांग, १८९२ ते १९५४ बाहेरदेशातून आलेल्यांची तपासणी तिथं व्हायची, आजाराची शंका आली की डॉक्टर त्यांच्या कोटावर खडूनं अक्षर काढायचे, डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच. खडू हातात धरूनच सांग, वर्ग गप्प होतो बघ. शेवटी मामाला पाच ओळी इंग्रजीत लिहायला लाव, चुका लगेच लाल करू नकोस.