मे महिन्याच्या शेवटी कोल्हापुरात जिम आणि मॉल सोडून करण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये बदली होऊन कोल्हापुरात आलात, जिमचे पैसे भरले, आठवड्यात कंटाळलात, आणि उन्हाच्या धास्तीनं सुट्टीच्या दिवशीही घरात बसून असता. रंकाळा सोडून काय, असं विचारलंय.

रंकाळ्याचं आधी उरकून टाकतो. सकाळी सहाला गेलात तर उत्तम. वारा असतो, सावली असते, आणि ओळख नसलेला माणूसही चौथ्या दिवशी ‘काल दिसला नाही’ म्हणून विचारतो. संध्याकाळी व्यायामाला म्हणून जाऊ नका. वाटेत भेळ आहे. माझ्या तीन वर्षांच्या संध्याकाळच्या फेऱ्यांचा हिशेब पोटावर दिसतो.

आता खरं उत्तर. शनिवारी पहाटे उठून जोतिबाचा डोंगर पायी चढा. शनिवार मुद्दाम म्हणतोय, रविवार देवाचा वार, तेव्हा वर पाय ठेवायला जागा नसते. कुशिऱ्यापर्यंत गाडीनं जायचं आणि तिथून गायमुखाकडची वाट धरायची. आमच्या चालीनं तास-सव्वा तास लागतो, त्यात माझं धापा टाकत थांबणं धरलंय. साडेपाचला चढायला लागलं की ऊन तापायच्या आत माथ्यावर. चैत्राची यात्रा होऊन गेलेली असते, गुलाल धुऊन गेलेला असतो, आणि डोंगर पुन्हा आपला वाटतो. बरोबर दोन बाटल्या पाणी, टोपी आणि घरचं भडंग. दुकानातलं चालेल, पण घरच्या भडंगातला लसूण जास्त तळलेला असतो आणि तोच खायचा असतो.

पण चढण हा निम्माच भाग. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात या उतारांवर, पन्हाळ्याच्या बाजूलाही, करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात. बाजारातलं करवंद खाऊन तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. झाडावरून तोंडात गेलेलं वेगळं असतं. जे नुसत्या बोटाच्या स्पर्शानं हातात येतं ते पिकलेलं. ओढावं लागलं तर देठातून पांढरा चीक येतो आणि ओठ तासभर चिकट राहतात. काटे जोडीजोडीनं असतात, हात आत जाताना काही करत नाहीत, बाहेर काढताना धरतात. म्हणून फांदी ओढायची नाही, काठीनं वर उचलायची आणि खालून वेचायचं. जाळीत हात घालण्याआधी तीच काठी दोन-तीनदा जमिनीवर आपटायची, खाली थंडाव्याला कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. आणि जुना शर्ट घाला. चिकाचा डाग निघत नाही. माझ्या बायकोला याबद्दल विचारू नका.

मुलं बरोबर असतील तर ‘कोंबडा की कोंबडी’ खेळा. करवंद हातात धरून समोरच्याला विचारायचं, मग दातानं फोडायचं. आत लालभडक निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, हल्ली बऱ्याच गोष्टी तिला बालिश वाटतात, पण यात अजून चिडीचा डाव खेळते.

एक सांगणं आहे. वाटेवर बायका पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. त्या पहाटे आपल्याआधी डोंगरावर असतात आणि त्यांच्या घरचा महिना या पंधरवड्यावर चालतो. आम्ही खाण्यापुरती स्वतः वेचतो आणि बरणीसाठीची त्यांच्याकडून घेतो, घासाघीस न करता. राधानगरी-दाजीपूरला गेलात तर मात्र काहीही तोडायचं नाही. ते अभयारण्य आहे, तिथली फळं गव्यांची आणि पाखरांची.

घरी आल्यावर दुपार स्वयंपाकघरात जाते. पिकलेल्या करवंदांचा जॅम इतका सोपा आहे की लोक विकत का आणतात कळत नाही. करवंदं धुऊन वाटीभर पाण्यात मऊ शिजवायची आणि गार झाली की पुरणयंत्रातून काढायची. बिया वर राहतात, खाली जांभळा-लाल गर पडतो. तीन वाट्या गराला दोन वाट्या साखर, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळं वेगळं काही घालावं लागत नाही. मूठभर अर्धवट पिकलेली करवंदं मिसळली तर आणखी छान धरतो. गार ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करा. ओघळला नाही की गॅस बंद. इथं हयगय नको. पहिल्या वर्षी मी ‘अजून पाच मिनिटं’ केलं होतं, तो जॅम चमच्यानं नव्हे, उलथन्यानं काढावा लागला.

कच्च्याचं लोणचं हे आईचं खातं. हाताला आणि सुरीला तेल लावून करवंद मधोमध चिरायचं आणि मिठाच्या पाण्यात टाकायचं म्हणजे चीक उतरतो. मग फडक्यावर पसरून पार कोरडं करायचं, आणि त्यानंतरच मोहरी, मेथी, हिंग, हळद, तिखट आणि गार केलेली फोडणी. ‘पार कोरडं’ हे शब्द मी दोन वर्षांपूर्वी शिकलो. उतरताना वळीव गाठला होता, गारांसकट. पिशवीसह चिंब भिजून घरी आलो, उत्साह एवढा की त्याच रात्री बरणी भरली. आठव्या दिवशी वर पांढरी मऊ लव. अख्खी बरणी कुंडीतल्या खतात गेली. आई एक शब्द बोलली नाही. फक्त महिनाभर रोज माझ्या ताटात तिच्या बरणीतलं लोणचं वाढून ‘बघ बरं, मीठ ठीक आहे का’ म्हणत राहिली.

चढण नकोच असेल तर पोहायला जा. शहराबाहेर कुणाचं शेत ओळखीचं झालं असेल तर विहिरीवर, मालकाला विचारून. येत नसेल तर पाठीला रिकामा कॅन बांधून, काठावर पोहणारा माणूस ठेवून. येत असेल तर मुटका शिका. काठावरून उडी घ्यायची, हवेतच गुडघे पोटाशी आवळायचे आणि पाण्यावर असं पडायचं की काठावरचे भिजले पाहिजेत. चाळिशीत हे करणं शोभत नाही, हे मला सांगून झालंय.

आणि संध्याकाळी कधी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबा. म्हशी समोर उभ्या असतात, धार तुमच्यासमोर काढतात, पेल्यावर फेस असतो. तालमीतली पोरं तो एका दमात पितात. तुम्ही पहिल्यांदा अर्धाच घ्या, पोटाला सवय नसते. घरी करायची तर थंडई करा. रात्री भिजवलेले बदाम सोलून खसखस, बडीशेप, दोन मिरी आणि वेलचीबरोबर घोटायचे आणि गार दुधात घालायचे. मिक्सर चालतो. पैलवान मंडळी ऐकत नाहीत तोवर.

मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, साधारण 7 जूनला सुरू होतो. त्याआधी एक-दोन वळीव होतातच, आणि पाऊस पडला की करवंद पाणचट होतं, आत अळीही सापडते. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन शनिवार आहेत. निघायच्या आदल्या रात्री शेजारी पुरणयंत्र आहे का ते विचारून ठेवा, आमच्या गल्लीत चार घरांत मिळून एकच आहे आणि ते नेमकं कुणीतरी नेलेलं असतं.