एक्सेलचा मॅक्रो अडकला की एररचा मेल आपोआप येईल का?

तुमचा प्रश्न असा, की सांगलीच्या मार्केट यार्डात एका पेढीला हळदीच्या पट्ट्या (शेतकऱ्यांना द्यायचे विक्रीचे हिशेब) काढायची एक्सेल फाइल करून दिलीय, तिच्यातला मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा कोड, अडकला की दिवाणजी फोनवर "कायतरी इंग्रजीत आलं, मी बंद केलं" एवढंच सांगतात, तर एररचा मेल आपोआप यावा. येतो की, आणि मेल पाठवायचा कोड तर पाच-सात ओळींचाच आहे, खरी गोम मेलमध्ये काय येतं त्यात आहे.

मॅक्रोच्या सुरुवातीला ऑन एरर गोटू (एरर आली की खालच्या लेबलवर उडी मार, अशी आज्ञा) लावा, लेबल सगळ्यात खाली, आणि लेबलच्या आधी एक्झिट सब (इथंच थांब) टाका नाहीतर काही न बिघडतापण मेल येत राहणार. लेबलखाली पहिलं काम म्हणजे एर डॉट नंबर आणि डिस्क्रिप्शन (एररचा आकडा आणि वर्णन) आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायचं, कारण मेल पाठवणाऱ्या सबमध्ये (कोडच्या तुकड्यात) परत ऑन एरर आला की एर पुसला जातो आणि तुमच्या हातात येतो "एरर ०", पुढं सगळं कोरं.

आता नुसतं "१३, टाइप मिसमॅच" वाचून तुम्ही काय करणार? शीटचं नाव, लूप कुठल्या ओळीवर होता ते, आणि त्या सेलमध्ये काय होतं तेपण पाठवा. निम्म्या वेळा वजनाच्या कॉलमात कुणीतरी "५० किलो" असं अक्षरांसकट टाकलेलं असतंय, ते मेलमध्येच दिसलं की फोनवर दोन मिनिटांत मिटतं. सेलची व्हॅल्यू नको, टेक्स्ट घ्या, सेलमध्ये एन/ए (किंमत सापडली नाही, अशी खूण) असेल तर व्हॅल्यू जोडताना तिथंच परत १३ येतो, आणि हँडलरमधली, म्हणजे लेबलखालच्या कोडमधली, एरर तो हँडलर पकडत नाही.

मेल पाठवायला क्रिएटऑब्जेक्टनं (दुसरा प्रोग्रॅम कोडमधून चालवायची आज्ञा) आउटलुक, पण जुनं क्लासिकच लागतं, नव्या आउटलुकमध्ये हे चालत नाही. पेढीवर आउटलुक नसेलच बहुतेक, मग सीडीओ (विंडोजमधलीच मेल पाठवायची सोय) वापरा, जीमेलचा सर्व्हर, पोर्ट ४६५, एसएसएल चालू, आणि नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ॲप पासवर्ड काढावा लागतो. तो कोडमध्ये उघडा पडतो आणि व्हीबीएचं (मॅक्रोच्या कोडचं) कुलूप म्हणजे नावालाच, त्यामुळं या कामाला वेगळं जीमेल खातं काढा.

पूर्ण फाइल जोडायचा मोह होईल, पण त्यात शेतकऱ्यांची नावं, रकमा असतात, आधी शेठना विचारा. आणि मेलच्या आधी तीच माहिती एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा, नेट गेलं असेल तर दिवाणजी ती व्हॉट्सॲपवर पाठवतील.