बालमित्राला दगा दिला होता. इतक्या वर्षांनी माफी मागून काही उपयोग होतो का?

तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहिलेलं नाही आणि मी विचारतही नाही. माझं सांगतो, तुमच्याशी ताडून बघा.

मी लालबागचा. 1983 साली तेरा वर्षांचा होतो. आमच्याच मजल्यावर, तीन खोल्या सोडून, माझा मित्र राहायचा. इथं त्याला बाळ्या म्हणू. त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे 18 जानेवारी 1982 पर्यंत होते. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप मागे घेतल्याचं पुढे कधी कुणी जाहीरच केलं नाही. दीड वर्षात बाळ्याच्या घरातली भांडी एकेक करून कमी होत गेली. माझे वडील बीईएसटीत कंडक्टर, त्यामुळे आमच्याकडे पगार वेळच्या वेळी.

त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीचं एक पुस्तक आम्हा दोघांकडे होतं. माझं अक्षर बरं म्हणून पावत्या मी फाडायचो, पैशाची पिशवी बाळ्या सांभाळायचा. रात्री मात्र पिशवी तो स्वतःहून माझ्याकडे द्यायचा. म्हणायचा, "आमच्या घरात पैसे दिसले की संपतात. तुझ्याकडे ठेव."

जूनमध्ये कपिलच्या संघानं लॉर्ड्सवर वर्ल्ड कप जिंकला होता. मला बॅट हवी होती. पिशवीतून कधी दहा, कधी वीस असे मी काढत गेलो आणि धोबीतलावला जाऊन बॅट आणली. घरी सांगितलं मित्राची, मित्रांना सांगितलं मामानं दिली. बाळ्या त्याच बॅटनं गच्चीवर खेळला. "तुझा मामा भारी आहे," म्हणाला.

मग हिशेब झाला. स्थळप्रतींची बेरीज आणि पिशवीतली रक्कम यांत 140 रुपयांचा फरक निघाला. सेक्रेटरींनी विचारलं, पैसे कोणाकडे असायचे? मी म्हणालो, "पिशवी बाळ्याकडे असायची." तसं बघितलं तर खोटं नाही. पुढे कुणी काही विचारलंच नाही. संपवाल्याचा पोरगा, घरात चूल धड पेटत नाही, अजून काय पुरावा पाहिजे? त्याला गॅलरीत सगळ्यांदेखत मार बसला, तो मी दाराआडून ऐकला. तांब्याचा हंडा विकून त्यांनी 140 रुपये भरले. दिवाळीनंतर परळ डेपोतून येष्टी धरून ते कुटुंब संगमेश्वरकडे गावी गेलं. मी पोचवायला गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणालो.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी, लग्न, मुलं. बॅट केव्हाच मोडली.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचे अर्ज निघाले तेव्हा बाळ्या वडिलांची कागदपत्रं घेऊन चाळीत आला. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा लागत होता. तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, शिवाय वारसाचे कागद. मी रजा टाकून त्याच्याबरोबर हिंडलो, झेरॉक्स काढल्या, रांगा लावल्या. 2012 ला 6,925 घरांची सोडत निघाली, त्यात त्यांचा नंबर नव्हता. तरी बाळ्या म्हणायचा, "सख्खा भाऊ एवढं करत नाही रे." आणि मी ऐकून घ्यायचो! हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय. पाप लपवून केलेली मदत म्हणजे वर आणखी त्याचे आभारही लुटणं. 140 रुपयांचे व्याजासकट किती होतील हेही मी काढून बघितलं होतं. तुम्हीही असलं काहीतरी काढाल. संक्रांतीला तिळगुळाबरोबर सांगू, असा मुहूर्तसुद्धा बघून झाला.

शेवटी भारतमाता सिनेमाच्या समोर चहा पिताना सांगितलं. बाळ्यानं कप खाली ठेवला नाही. सावकाश चहा संपवला, स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः दिले. मग म्हणाला, "मला कशाला सांगतोस? मी घेतले नाहीत हे मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांग."

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. तुमच्या मित्राचं नाव कुठे गेलं, कुणासमोर गेलं, ते आधी आठवा. एकांतात फोनवर रडणं सोपं असतं, त्यात आपलीच सोय जास्त. तो "माफ केलं" म्हणेल अशी वाट तर बघूच नका. बाळ्या आजवर म्हणालेला नाही, मी विचारलेलंही नाही.

मंडळाच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो. निम्मी पोरं 83 नंतर जन्मलेली. एक जण म्हणाला, "काका, सोडा ना आता." दुसरा हसला. पण मागच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी दोनदा विचारलं, "म्हणजे तो नव्हता?" नव्हता, म्हटलं. त्या डोक्यावरचा पदर नीट करत बसून राहिल्या.

140 रुपये जमा केले. सेक्रेटरीनं विचारलं, पावती कोणाच्या नावे? मी बाळ्याच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि पावतीचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"बाबांना कधी खरं वाटलंच नव्हतं. मारलं आईनं होतं. पावती तिच्या नावाची पाहिजे होती."

ती 2004 मध्ये गेली.