मिक्सिंग आणि ब्लेंडिंग: दोन्हीला 'मिश्रण' म्हणून मी कुठे फसलो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सूतगिरणीत ट्रेनी म्हणून लागलात, मुलाखतीत 'मिक्सिंग आणि ब्लेंडिंगमध्ये फरक काय' असं विचारलं, तुम्ही 'दोन्ही म्हणजे मिश्रणच' म्हणालात आणि समोरच्यांनी पुढचा प्रश्न घेतला. आता गिरणीच्या रजिस्टरमध्ये बघता, तर तिथेही सगळीकडे नुसतं 'मिक्सिंग' लिहिलेलं. हेच उत्तर मीही एकेकाळी दिलं होतं, तेही मुलाखतीत नाही, कामावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाठी फोडून कापूस मोकळा करणाऱ्या ब्लोरूमपासून सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमपर्यंतचा प्रवास तुम्हाला ठाऊक असणार, त्यात शिरत नाही.

शब्दकोशाचा दोष नाही. बोलीतल्या इंग्रजीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. आपलं मिश्र, मिसळणे आणि त्यांचं मिक्स ही तर एकाच जुन्या कुळातली भावंडं आहेत. पण स्पिनिंगमध्ये, म्हणजे सूतकताईत, या शब्दांची कामं वाटून दिलेली आहेत. एकाच जातीच्या तंतूचे वेगवेगळे लॉट एकत्र करणं म्हणजे मिक्सिंग: कापूसच, पण वेगवेगळ्या जिनिंगच्या (सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या), वेगवेगळ्या वेचणीच्या गाठी. दोन वेगळ्या जातींचे तंतू ठरलेल्या प्रमाणात एकत्र आणणं म्हणजे ब्लेंडिंग: पॉलिस्टर आणि कापूस, किंवा पॉलिस्टर आणि व्हिस्कोस.

मी नव्या मुलांना घरातलं उदाहरण देतो. तीन शेतांतला इंद्रायणी तांदूळ एकाच कणगीत ओतला, की ते मिक्सिंग. कणगीतून कुठूनही मूठभर घेतला तरी भात सारखा व्हावा एवढीच अपेक्षा. थालीपीठाची भाजणी हे ब्लेंडिंग. तिथे ज्वारी किती, बाजरी किती, हरभरा डाळ किती यावर चव ठरते, प्रमाण बदललं की पदार्थच बदलतो. मिक्सिंगमध्ये आपण निसर्गाचा चढउतार सरासरीत आणतो. ब्लेंडिंगमध्ये आपल्याला हवा तो गुण मुद्दाम घडवतो. माझ्या मते एवढं कळलं की व्याख्या पाठ करायची गरज नाही.

आता माझी चूक. आमच्याकडे ४० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) शंभर टक्के कापसाचं सूत होजिअरीसाठी, म्हणजे बनियन-टीशर्टच्या कापडासाठी, तमिळनाडूतल्या तिरुपूरला जायचं. मी रात्रपाळी सांभाळत होतो. त्या रात्री जुन्या गाठी संपून नव्या गाठींचं लेडाउन (एका वेळी एकत्र वापरायला मांडलेल्या गाठींचा संच) लागलं. शिरस्ता असा, की नवं मिक्सिंग रिंगफ्रेमवर आलं की जुना माल उतरवून संपवायचा, कोनच्या (सूत गुंडाळलेल्या शंकूच्या) टोकाचा रंग बदलायचा आणि लॉट नंबर नवा द्यायचा. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मिश्रण तेच, बदल नाही.' माझ्या डोक्यात हिशेब साधा होता: कालही शंभर टक्के कापूस, आजही शंभर टक्के कापूस, मग बदललं काय? मी ब्लेंडचा विचार करत होतो. बदललं होतं ते मिक्सिंग. सकाळच्या पाळीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दोन्हींचे कोन एकाच लॉटमध्ये पॅक केले.

नव्या गाठींचा मायक्रोनेअर (तंतू किती बारीक आणि किती पिकलेला हे सांगणारा आकडा) जुन्यापेक्षा बराच कमी होता. दोन लेडाउनच्या सरासरीत ०.१ पेक्षा जास्त फरक आमचे स्पिनिंग मास्तर (सूतकताई खात्याचे प्रमुख) चालवत नसत, पण त्या दिवशी तो आकडा मी पाहिलाच नाही. कच्च्या सुतात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. अपक्व कापूस रंग कमी धरतो, त्यामुळे कापड रंगवल्यावर तो उघडा पडतो. नेव्ही ब्लूमध्ये रंगवलेलं निटेड कापड परत आलं, तेव्हा त्यावर आडवे पट्टे होते, ठरावीक अंतराने, अगदी रेघ मारल्यासारखे. निटिंग मशीनच्या एखाद्या फीडरवर (सूत पुरवणाऱ्या जागेवर) दुसऱ्या मिक्सिंगचा कोन लागला, की प्रत्येक फेऱ्याला तोच पट्टा उमटतो.

आणि इथे मला जे कार्यालय भेटलं, त्याबद्दल आजही राग येतो. नाव घेणार नाही. सुताचे नमुने तपासणीला पाठवायचे होते आणि फॉर्मवर मी पुन्हा तोच शब्द लिहिला: 'मिश्रण तपासून द्यावे.' तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोन्ही नमुने शंभर टक्के कापूस, प्रमाण योग्य. त्यांनी ब्लेंड तपासला होता. मी जाऊन सांगितलं की तक्रार पट्ट्यांची आहे, दोन्ही कोन एकाच मिक्सिंगचे आहेत का हे बघायचंय. उत्तर मिळालं, फॉर्मवर लिहिलं ते आम्ही केलं, दुसरं हवं तर नवा फॉर्म, नवी फी, नवा नंबर. फॉर्म मी चुकीचा भरला होता हे मला मान्य आहे. पण पट्टे पडलेल्या कापडाचा तुकडा नमुन्यासोबत जोडलेला होता. टेबलापलीकडच्या एकानेही 'तुम्हाला ही तपासणी नको, दुसरी हवी' एवढं वाक्य बोलू नये? त्या तीन आठवड्यांत उरलेला मालही विणून झाला, आणि नुकसान दुप्पट झालं.

मला हवी होती ती परीक्षा खरं तर गिरणीतच झाली असती. दोन्ही कोनांचं सूत सॅम्पल निटिंग मशीनवर शेजारी शेजारी विणायचं, तो तुकडा एकाच भांड्यात गडद रंगात रंगवायचा आणि खिडकीशी धरून बघायचा. अर्ध्या दिवसाचं काम. यूव्ही दिव्याखाली कोन तपासायची पद्धतही चांगली आहे, बरेच वेगळे कोन त्यात ओळखू येतात. मात्र सगळेच येतात असं नाही, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका.

ब्लेंडची तपासणी पूर्ण वेगळी. पॉलिस्टर-कॉटनचा नमुना ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात घातला की कापूस विरघळतो, पॉलिस्टर राहतं, मग वजन करायचं. (आम्लाचं काम लॅबमधल्या अनुभवी माणसाशिवाय करू नका.) ब्लेंडमध्ये नवी मुलं चुकतात ती ओलाव्यात. कापसाचा मॉइश्चर रिगेन (कोरड्या वजनाच्या मानाने तंतू हवेतून धरतो तो ओलावा) ८.५ टक्के, पॉलिस्टरचा ०.४. काट्यावर ६७ किलो पॉलिस्टर आणि ३३ किलो कापूस मोजलात, तर कोरड्या वजनाने ते ६८.७ : ३१.३ निघतं. मिक्सिंगमध्ये ही आकडेमोड करावी लागत नाही, कारण सगळा कापूसच. नुसत्या शब्दाच्या फरकातून कामात केवढा फरक पडतो ते यावरून दिसेल.

एक सावधगिरी. मी सांगतो ती वाटणी स्पिनिंगची आहे, आणि तीही सगळ्या गिरण्यांत काटेकोर पाळत नाहीत. काही ठिकाणी ब्लोरूममधल्या सगळ्याच कामाला मिक्सिंग म्हणतात. बाहेर तर नियम आणखी वेगळे. काँक्रीटच्या एम-२० या ग्रेडमधला एम मिक्सचा, पण फ्लाय अॅश घातलेल्या सिमेंटला म्हणतात ब्लेंडेड. पेट्रोलमध्ये इथेनॉल घातलं की तेही ब्लेंडिंगच. त्यामुळे दुसऱ्या धंद्यातल्या मित्राशी यावरून वाद घालू नका.

तुमच्या गिरणीत पॉलिस्टर चालत असेल तर आणखी एक. पॉलिस्टरच्या गाठीवर मर्ज नंबर, म्हणजे कंपनीने दिलेला उत्पादनाचा लॉट नंबर, असतो. दोन मर्ज एकत्र झाले तर रंगात तसेच पट्टे येतात आणि ब्लेंडचं प्रमाण मात्र कागदावर बिनचूक दिसतं. गाठ फोडण्याआधी तो नंबर उतरवून घ्या.

आणि तुमच्या रजिस्टरमध्ये जमलं तर दोन स्वतंत्र रकाने आखून घ्या, एक मिक्सिंग नंबरचा आणि एक ब्लेंडच्या प्रमाणाचा. आधी मास्तरांना विचारा. आमच्याकडे ते रकाने त्या पट्ट्यांनंतर आखले गेले. मी निवृत्त झालो त्या दिवशीही रात्रपाळीचा मुलगा ते दोन्ही भरत होता.